येते म्हणून निघालेली

स्वानंदीताई चहा कधी गरम प्यायची नाही. कपावर साय धरली की ती बोटाने बाजूला करायची आणि मग पहिला घोट घ्यायची. समोरून जाणाऱ्या गाडीचा नंबर दिसला की त्यातल्या आकड्यांची बेरीज करायची, ओठ न हलवता. चपला काढल्या की त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायची. खडूचा तुकडा नखाएवढा झाला तरी टाकायची नाही. तिच्या सगळ्या पर्सचे तळ पांढरे असायचे. मुलांना रागावताना आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायची, त्यामुळे मागच्या बाकावरची पोरं पुढे वाकून बोलणी खायची. आणि कुठूनही निघताना "येते" म्हणायची. घरातून निघताना सगळेच म्हणतात. ही बँकेतून निघताना म्हणायची, औषधाच्या दुकानातून निघताना म्हणायची, एसटीतून उतरताना कंडक्टरला म्हणायची. एकदा रत्नागिरीच्या स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं होतं, "ताई, परत येणार असाल तर थांबू काय?"

तेव्हा तिच्या शेजारी तिची विद्यार्थिनी, पूर्वी, बसलेली होती. पुढचे दोन दिवस ती त्यावरून हसत होती.

पूर्वी ही भिवा तांडेलाची मुलगी. भिवाची हयात बोटीवर गेलेली, आणि मुलगी मात्र पाण्यापेक्षा पुस्तकाकडे ओढली गेलेली. दहावीला तिचं गणित बुडायला लागलं तेव्हा भिवाने शाळेतल्या बाईंना गाठलं. बाई म्हणजे स्वानंदीताई. ती रविवारी घरी येऊन शिकवायला लागली. अपूर्णांक पूर्वीच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा तिने ओट्यावरच्या सुरमईचे तुकडे मोजायला घेतले. स्वतः मासे न खाणारी बाई सुरमईचे आठ भाग करते हे बघून पूर्वीची आई, हौसा, पदर तोंडाला लावून हसत होती. "बाई, शेपटी धरून आठ म्हणता होय? शेपटीचा तुकडा कोण घेणार?"

"ज्याला गणित येत नाही तो," ताई म्हणाली.

पूर्वी पास झाली. पुढे तिने मराठी घेऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं. ताई तिच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी, पण मैत्रीण म्हणावी अशी तिला दुसरी कुणी नव्हती.

ताईचं घर रत्नागिरीजवळ पावस गावात, आंब्याच्या बागेत. घरात ती आणि तिचे वडील, श्यामकाका. त्या घरात 'जाते' हा शब्दच नव्हता. तसा तो कोकणात कुणाच्याच घरात नसतो, पोर 'जातो' म्हणालं की म्हातारी माणसं डोळे वटारतात, "येतो म्हण मेल्या." पण या घरात त्या शब्दाचा धाक होता. ताईची आई, कमलाकाकू, पोटाच्या साध्या ऑपरेशनला कोल्हापूरला निघाली तेव्हा गाडीत बसताना थट्टेने म्हणाली होती, "जाते हो एकदाची. सांभाळा आपलं घर." ती परत आली नाही. श्यामकाकांचा देवधर्मावर फारसा विश्वास नव्हता. पण त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी 'जातो' म्हटलं की ते त्या माणसाला पायरीवरून परत बोलवायचे, बसवायचे, पाणी द्यायचे आणि नीट शब्द वापरून निघायला लावायचे. पोस्टमनही यातून सुटला नव्हता.

अशा घरातली मुलगी मोझांबिकला निघाली.

शिक्षक कमी असलेल्या देशांत दोन वर्षांसाठी स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेकडे तिने अर्ज केला होता. नातेवाइकांनी डोकं धरलं. इथे लग्नाचं वय गेलं आणि ही आफ्रिकेत काय करणार? "वय कुठे जातंय," ताई म्हणायची, "इथेच तर आहे." श्यामकाका महिनाभर तिच्याशी फक्त बागेविषयी बोलले. भिवाला तेवढं त्यात काही वावगं वाटलं नाही. "समोरचाच किनारा की गो," तो म्हणाला. "मध्ये पाणी जरा जास्त आहे, एवढंच."

ती गेल्यावर तिचा आवाज फोनवर यायला लागला. गाव समुद्राकाठचं, नारळी आणि काजूंचं. गावाचं नाव पूर्वीला कधी नीट उच्चारता आलं नाही. मुलं घरी वेगळीच भाषा बोलायची आणि शाळा पोर्तुगीजमधून. ताईने पोर्तुगीजचा शिकवणीवर्ग केला होता, पण खरी भाषा तिला तिथल्या बाजारात सापडली. "पूर्वी, अगो इथं चावीला शावी म्हणतात. बादलीला बाल्द. साबणाला साबाँव. काजू तर काजूच. मला वाटलं होतं परदेशात आल्ये."

पहिल्याच दिवशी शाळेचे हेडमास्तर आर्मांदो यांनी सगळ्या मुलांसमोर तिच्या हातात एक नारळ ठेवला. ताईचा चेहरा पडला. मराठी माणसाच्या हातात नारळ दिला म्हणजे त्याला कामावरून काढलं. तिने पोर्तुगीजमध्ये विचारलं, माझं काही चुकलं का? हेडमास्तर गोंधळले. त्यांना वाटलं, बाईंना नारळ लहान वाटला. ते आणखी एक घेऊन आले.

ही हकीगत ऐकून श्यामकाका पहिल्यांदा हसले. "दोन नारळ," ते म्हणाले. "म्हणजे पेन्शन पण बंद."

पण खरी फजिती पुढच्या आठवड्यात झाली. तिथे कुणी थोडा वेळ बाहेर निघालं की 'झा वेन्यू' म्हणतं, हे ताईने ऐकलं होतं. शब्दशः अर्थ, 'आत्ता येते'. ताईला केवढा आनंद झाला. आपला शब्द इथेही आहे. त्या दिवशी शेवटचा तास संपला, तिने हात झटकले, वर्गाला म्हणाली, "झा वेन्यू," आणि आपल्या खोलीवर जाऊन झोपली.

संध्याकाळी दारावर थाप पडली. हेडमास्तर होते. मागे दोन-तीन आया. मुलं घरी पोचली नव्हती. मुलं वर्गात बसून होती. बाई म्हणाल्या होत्या, लगेच येते.

ताई धावत गेली. सगळी आपापल्या जागी, कुणी मान टाकून झोपलेलं, कुणी भुकेने कावलेलं. तिने त्यांची माफी मागितली. मग मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत. अशुभ असतं. म्हणून येते म्हणायचं, खरंच यायचं असो नसो. सेलेस्त नावाची एक उंच मुलगी होती. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे बाई, तुमच्या देशात सगळे रोज खोटं बोलतात."

त्यातून वर्गाचा एक खेळ झाला. रोज तास संपला की ताई दारात उभी राहून म्हणायची, "झा वेन्यू." आणि सगळा वर्ग ओरडायचा, "मेंतीरा!" म्हणजे खोटं. ताईने ते फोनवर ऐकवलं होतं. इतका मोठा गलका, की भिवा जेवताना दचकला. "काय गो, भांडतायत काय तिकडे?"

असं दीड वर्ष गेलं. मग ऑगस्टात श्यामकाका शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. जांभ्या चिऱ्याची पायरी, पावसाने बुळबुळीत झालेली. खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं माणूस नाही. पूर्वीने फोन केला आणि ताई मिळेल त्या विमानाने निघाली.

निघायच्या सकाळी ती वर्गात गेली. दारात उभी राहिली. तिथला निरोपाचा शब्द तिला आता चांगला ठाऊक होता. रोज ऐकत होती ती. पण आजारी बापाकडे निघालेली बाई, तोंडातून दुसरा शब्द निघेचना. ती म्हणाली, "झा वेन्यू."

"आणि पूर्वी," ताई नंतर बागेत बसून सांगत होती, "एकही पोर खोटं म्हणालं नाही."

ती नखाने चिऱ्यावरचं शेवाळ खरवडत होती. "सगळी नुसती बघत होती माझ्याकडे. त्यांनी ते खरं धरलं."

म्हणून तिला परत जायचं होतं. दोन वर्षं पुरी करायची म्हणून नाही, संस्थेला शब्द दिला म्हणून नाही. तिथे एक वर्ग तिने लगेच येते सांगून बसवून ठेवला होता. श्यामकाका चालायला लागले की निघायचं, फेब्रुवारीत तिथली शाळा सुरू व्हायच्या आत पोचायचं, असं तिने ठरवलं.

श्यामकाकांनी ते ऐकलं आणि काठी भिंतीला टेकवली.

"तिकडे कोण आहे तुझं?"

"वर्ग आहे."

"इकडे काय वर्गांना तोटा आहे? इथल्या शाळेत गणिताला बाई मिळत नाहीये. चालत जाशील."

"अप्पा, मी त्यांना येते म्हणून आल्ये."

"आपण सगळ्यांना येतो म्हणतो. मी हाडाच्या डॉक्टरला परवा येतो म्हटलं. म्हणून काय दुसरा पाय मोडून घेऊ?"

ताई हसली नाही. पूर्वी पोहे घेऊन आली होती, ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

हे असं दिवाळीपर्यंत चाललं. काका कधी रुसायचे, कधी मुद्दाम जास्त लंगडायचे. ताई त्यांच्या मांडीला तेल चोळायची आणि फोनवर हेडमास्तरांशी बोलायची. एक दिवस हेडमास्तरांनी कळवलं, की वादळात शाळेचं छप्पर उडालं. भिंती पडल्या, भिंतींवरचे फळेही गेले. आता वर्ग काजूच्या झाडाखाली भरणार. ताईने ते काकांना सांगितलं नाही. काकांनी शेजारच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. भाषा कळत नव्हती, पण मुलीचा आवाज कळत होता.

संध्याकाळी ते काठी टेकत पडवीत आले. "झाडाला फळा कसा टांगणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कासा म्हणालीस. कासा म्हणजे घर, तूच सांगितलं होतंस. मग काजू, काजू म्हणालीस. मग रडलीस. छप्पर उडाल्याशिवाय घरासाठी कोण रडतं?"

मग ते म्हणाले, "जाऊन ये."

येते म्हटलं की मोठ्या माणसांनी हेच म्हणायचं असतं. त्यांना ते म्हणायला तीन महिने लागले.

मग पडवीत फळे तयार व्हायला लागले. गुंडाळी फळे. बी.एड.च्या दिवसांत ताई ते करायला शिकली होती. मांजरपाटाचं जाड कापड घ्यायचं, त्यावर काळ्या रंगाचे हात द्यायचे, वाळल्यावर तांबड्या रंगाने ओळी आखायच्या, वरखाली काठ्या शिवायच्या. सुरळी करून काखेत मारता येते आणि झाडाच्या फांदीला टांगता येते. काठ्यांसाठी काकांनी पोफळीच्या रिपा काढल्या. बसल्या बसल्या ते त्या काचेने घासून गुळगुळीत करायचे. पूर्वी दोरा धरायची. दोऱ्याला खडू फासायचा, दोन टोकं ताणून धरायची आणि मध्ये उचलून सोडायचा. कापडावर सरळ पांढरी रेघ उठायची. त्या रेघेवर ताई ब्रश ओढायची. श्वास रोखून, एका दमात.

"तुझ्या हाताला काय झालंय? ताण की," ती पूर्वीला म्हणायची. "एम.ए. झालीस आणि दोरा धरता येत नाही."

"आमच्याकडे दोऱ्याला गळ असतो."

पाच फळे करायचे होते, पाच वर्गांसाठी. चार झाले. तिकीट आलं. पाचव्याच्या ओळी आखताना तांबडा रंग संपला. डिसेंबरची सकाळ होती, बागेत मोहोर आलेला. ताईने ब्रश डब्यात ठेवला. "अप्पा, रंग संपला. रत्नागिरीला जाऊन घेऊन येते."

"ये," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. रीप घासत होते.

परत येताना गोळप गावच्या चढाला तिच्या स्कूटरसमोर चिऱ्यांचा ट्रक आला.

पूर्वीला कुणी फोन केला ते तिला नंतर आठवेना. बाई होती की पुरुष, तेही नाही. फक्त शब्द आठवत होते. "स्वानंदी गेली." मग ते शब्द सगळीकडून यायला लागले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, भाट्याच्या पुलावर भिवाच्या मागे गाडीवर बसलेली असताना, पावसच्या घराच्या पायऱ्यांवर. गेली. गेली हो. अशी कशी गेली. सगळा गाव तो शब्द घेऊन श्यामकाकांच्या घरात येत होता, आणि काका कुणालाही परत बोलवत नव्हते, कुणाला पाणी देत नव्हते.

आफ्रिकेत तिचं काही बरंवाईट होईल म्हणून दीड वर्ष सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता. मलेरिया, वादळं, साप. घराजवळच्या रोजच्या चढाची भीती कुणालाच वाटली नव्हती.

दिवसकार्य झालं. पूर्वी रोज काकांकडे जात होती. एका दुपारी काकांनी ताईचा फोन तिच्यापुढे केला. फोनला साधा चरासुद्धा गेला नव्हता. त्यावर हेडमास्तर आर्मांदोंचा निरोप होता. भाषांतराच्या ॲपने सांगितलं: बाई केव्हा निघणार?

"तू भाषा शिकलेली," काका म्हणाले. "कळव त्यांना."

पूर्वीला काहीच सुचत नव्हतं. सुचायला हवं असंही वाटत नव्हतं. सगळे म्हणत होते तेच तिने मराठीत लिहिलं. 'स्वानंदी गेली.' ॲपने त्याचं पोर्तुगीज केलं. तिने पाठवून दिलं आणि फोन उलटा करून ठेवला.

लगेच उत्तर आलं. त्यात एक फोटो होता. काजूचं मोठं झाड, त्याखाली झाडून लख्ख केलेलं अंगण, हातात झावळ्यांचे झाडू घेतलेली मुलं. झाडाला टेकून एक रिकामी खुर्ची. खाली लिहिलं होतं: फार आनंद झाला. कोणत्या दिवशी पोचेल? मुलं म्हणतात, आम्ही रस्त्यावर येऊन थांबू.

पूर्वीला आधी कळेना. मग तिने आपलंच वाक्य उलटं फिरवून मराठीत वाचलं. 'स्वानंदी निघाली आहे.'

"काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"काका, त्यांना वाटलं ताई यायला निघाली."

"तू काय लिहिलंस?"

"गेली, असं."

काका फोटोकडे बघत राहिले.

पूर्वीने पुन्हा प्रयत्न केला. 'देवाज्ञा झाली,' तिने लिहिलं आणि पाठवायच्या आधी उलटं करून पाहिलं. 'देवाने हुकूम दिला आहे.' तिने ते पुसलं. 'निवर्तली' लिहिलं. उलटं आलं, 'परत आली'. पाच वर्षं ती हीच भाषा शिकली होती. मरणासाठी तिला कितीतरी शब्द येत होते, आणि त्यातला एकही शब्द मरण सांगत नव्हता. कुणी जातं, कुणी निघतं, कुणी परततं. सगळी नुसती चालत असतात.

एक शब्द उरला होता. तो कुणीच उच्चारला नव्हता. माणसाबद्दल तो बोलत नाहीत. कोंबडीबद्दल बोलतात, मांजराबद्दल बोलतात.

"मेली असं लिही," श्यामकाका म्हणाले.

"काका..."

"लिही. पोरं उन्हात रस्त्यावर येऊन उभी राहतील."

तिने लिहिलं. काकांनी ते एकदा वाचायला मागितलं, वाचलं, आणि तिच्या हाताला हात लावून मान हलवली. तिने पाठवलं.

बराच वेळ काही आलं नाही. मग फोन वाजला. हेडमास्तर होते. ते बोलत होते ते पूर्वीला समजत नव्हतं, आणि पूर्वीचं मराठी त्यांना समजणार नव्हतं. मागे मुलांचा आवाज होता, तो हळूहळू थांबला. तिने फोन काकांच्या कानाशी धरला. दोन्हीकडून नुसता श्वास येत होता. फोन कुणी आधी ठेवला ते कळलं नाही.

चार फळे काकांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून शिवले आणि भिवाच्या हाती पार्सलला दिले. पाचवा पडवीत भिंतीला खिळ्यांवर ताणलेला आहे. वरच्या ओळी पक्क्या, तांबड्या, एका दमात ओढलेल्या. शेवटची ओळ डावीकडून सुरू होते, मध्यापर्यंत येते, तिथे रंग फिका होत जातो आणि ब्रशचे केस तेवढे कापडावर उमटलेले दिसतात. त्याच्या खाली फक्त खडूच्या रेघा आहेत. पूर्वीने धरलेल्या दोऱ्याच्या. त्यांच्यावर अजून काही आखायचं आहे.